पाहायला येणाऱ्याची घागर

प्रिय गयामावशी,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातच बोलत होते. आज लिहायला बसले, कारण आत्ताच तुझ्या घरून आले. तुझा नामदेव लकव्यानं आडवा झालाय. खाटेभोवती माणसंच माणसं, आणि तुझी सून चुलीपाशी चहा करून करून अर्धी झालीय. वाईट कोणीच वागत नाही गं. आजाऱ्याला पाहायला यायचं, बसायचं, चहा घेऊन उठायचं. माझ्याकडे तरी दुसरं काय होत होतं?

हेही असेच लकव्यानं पडले, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी ह्यांना घरी न्यायला सांगितलं. कूस बदलत राहा, नाहीतर पडून पडून जखमा होऊन पाठ फुटेल, म्हणाले. पण बदलायची कधी? माणसं उठतच नसत! दिवस उन्हाळ्याचे, विहीर लांब. मी उभ्याउभ्या पेंगत होते. एकदा हातातली कपबशी पडली, आणि भिंतीपलीकडे तू ऐकलंस.

सकाळी तू आमच्या दारात बाज टाकून बसलीस. येईल त्याला तुझं एकच, "पाह्याले आले ना? मंग पयले एक घागर पानी आना."

बाया हसत हसत भरून आल्या. पण दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम असलेल्या ह्यांच्या थोरल्या भावांनाही तू तेच सांगितलंस! पुरुषमाणसानं पाणी भरायचं? ते आल्या पावली परतले. केवढी चिडले मी तुझ्यावर! माझं सासर तोडायला बसलीस का, म्हटलं. तू म्हणालीस, "तू झोप आता." आणि मी खरंच झोपले, पार दिवेलागणीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी थोरले आले. खांद्यावर घागर, निम्मं पाणी धोतरावर. ते पाहून हे अर्ध्या तोंडानं हसले. आजारपणातलं ते पहिलं हसू. थोरल्यांनी घागर उतरवली, बाह्या सारल्या आणि भावाची कूस बदलली. मग रोज तेच बदलायचे. ह्यांची पाठ शेवटपर्यंत फुटली नाही, मावशी.

तू मात्र बसल्याजागी गेलीस. तुझ्यासाठी घागरभर पाणी आणायची सवडही दिली नाहीस! याचा राग अजून आहे मला.

नामदेवाचं काय होईल, ठाऊक नाही. पण उद्यापासून तुझ्या दारात मी बसेन, आणि तुझी सून झोपेल, हा माझा शब्द. थोरल्यांना सांगून ठेवलंय. ते अंगणात घागर घासत बसलेत.

तुझी,
भिंतीअलीकडची शांता