लाल हँडलवरची तार

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी (लहान विमाने),
विमान सुरक्षा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय: प्रशिक्षण विमानांतील पॅराशूटच्या हँडलला आपल्या कार्यालयाने बांधलेली तार कापण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) हँडले सील करण्याबाबतचे आपले परिपत्रक.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज.
३) आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, आपले झालेले बोलणे.

महोदय,

अर्जदार ही फ्लाइंग क्लबच्या हँगरची देखभाल प्रमुख असून नात्याने आपली थोरली बहीण आहे. नाते अर्जात लिहायचे नसते, हे तिला ठाऊक आहे. परंतु मागल्या रविवारी आईकडचा गळका नळ दुरुस्त करताना, ओट्याखाली डोके घातलेल्या अवस्थेत, आपणच म्हणालात, "ताई, घरी ऑफिस नको. काय असेल तो अर्ज कर." त्यावर आई म्हणाली, "एका ताटात जेवलात दोघं. आता टपालानं बोला." आपण हसलात. अर्जदार हसली नाही. सबब हा अर्ज.

१. पुढचा मजकूर आपल्यासाठी नाही. आपण आणि अर्जदार एकाच बाकावर हे काम शिकलात आणि आपला हात तिच्यापेक्षा हलका होता, हे ती आजही कबूल करते. हा कागद आपल्या टेबलावरून ज्या ज्या टेबलांवर सरकेल, तिथल्या मंडळींसाठी हे लिहीत आहे. क्लबच्या तिन्ही लहान विमानांत सीटमागे एक पॅराशूट घट्ट दाबून बसवलेले असते आणि त्याच्या शेजारी हातभर लांबीचे रॉकेट. हे पॅराशूट माणसाचे नाही, अख्ख्या विमानाचे आहे. इंजिन गेले, पंख मोडला, शिकणारा गांगरला, की छताला असलेले लाल हँडल ओढायचे. रॉकेट सुटते, पॅराशूट बाहेर खेचते आणि विमान माणसांसकट त्याला लटकून खाली येते. विमानाचे पाय मोडतात. माणसांचे बहुधा शाबूत राहतात. हँगरमध्ये याला सगळे छत्री म्हणतात.

जमिनीवर कुणी चुकून हँडल ओढू नये म्हणून त्याच्या भोकात एक पिन असते, लाल फीत लावलेली. उडण्याआधी पिन काढायची, उतरल्यावर घालायची. फीत लोंबताना दिसली की छत्री झोपलेली आहे, असे समजायचे. अर्जदाराच्या हँगरचा नियम असा, की फीत दिसल्याशिवाय कॉकपिटमध्ये कुणी हात घालायचा नाही, मग तो मॅनेजर असो की झाडूवाला.

२. यंदा तिन्ही छत्र्यांची मुदत संपली. त्या कारखान्यात पाठवून, उलगडून, वाळवून, पुन्हा दाबून आणल्या. जुनी रॉकेटे उतरवून नवी बसवली. रॉकेट म्हणजे स्फोटक, म्हणून ते न्यायला ट्रकवाला मिळेना. जो मिळाला त्याने वाटेत विडी ओढणार नाही अशी आईची शपथ घेतली आणि तोंडात तंबाखू भरून निघाला. एका विमानात रॉकेट जिथून बाहेर पडते त्या झाकणाच्या फटीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, तेही टोकरून काढले. हँडलपासून रॉकेटपर्यंत जाणारी केबल कुठे अडते का, हे अर्जदाराने टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपून पाहिले. आता सगळे नवे करकरीत आहे. जे ओढायचे तेवढे आपण बांधून ठेवले आहे.

३. का बांधले, तेही फाइलला असू द्यावे. दुसऱ्या एका विमानतळावर एक पाहुणा विमान बघायला आला आणि त्याने हातातली पिशवी लाल हँडलला अडकवली. पिन घातलेली नव्हती. रॉकेट हँगरच्या पत्र्यातून आरपार गेले, कबुतरे उडाली, पाहुण्याची पिशवी तेवढी जळाली. आता कुणीही शहाणा माणूस विचारील, पिन कुणी घातली नाही? ते कुणी विचारले नाही. आपल्या कार्यालयाने परिपत्रक काढले, की फेरआढावा होईपर्यंत सर्व विमानांची सर्व हँडले तारेने बांधून शिशाचे सील ठोकावे, आणि जो तंत्रज्ञ सील तोडील त्याचा परवाना रद्द व्हावा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

फेरआढावा समितीचे अध्यक्ष दरम्यान निवृत्त झाले. नवा अध्यक्ष समितीच्या बैठकीत ठरतो आणि अध्यक्षाशिवाय बैठक भरत नाही. अर्जदाराने हे वाक्य आपल्याच कार्यालयाच्या पत्रातून घेतले आहे. तिला इतके सुचले नसते.

आपले निरीक्षक सील ठोकायला आले. हँगरमधली मुले त्यांना आता शिसेवाले काका म्हणतात. काकांनी तार घातली ती नेमकी पिनेच्या भोकातून. अर्जदार म्हणाली, "अहो, ते भोक पिनेचं आहे." काका म्हणाले, "मॅडम, भोक कशाचं आहे ते परिपत्रकात नाही. भोक दिसलं, तार घातली." म्हणजे आता हवेत हँडल ओढायचे तर ओढले जात नाही आणि जमिनीवर पिन घालायची तर घालता येत नाही. तार सैल झाली की नाही, हे बघून कळत नाही, कारण तारेला फीत नसते. उघडायला गेले तर कुलूप आणि बंद ठेवायला गेले तर कडी नाही, असे दार आपण बसवून दिले आहे. आणि ती तार हिसक्यात तुटेल असे कुणाला वाटत असेल, तर अर्जदाराने तसलीच तार जुन्या हँडलला बांधून दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून, ओढून पाहिली आहे. ती तुटली नाही. अर्जदार पडली.

५. (मुद्दा ४ अर्जाच्या भाषेत बसत नव्हता. तो फाडला.)

अर्जदाराने आधी एक अर्ज केला होता, की तार काढता येत नसेल तर निदान विमाने जमिनीवर ठेवण्याचा आदेश द्यावा. उत्तर आले: "पॅराशूट हे उड्डाणासाठी आवश्यक उपकरण नाही. सबब त्याच्या हँडलच्या स्थितीचा विमानाच्या उड्डाणयोग्यतेशी संबंध येत नाही." हे पत्र क्लबच्या मॅनेजरने स्वतःच्या टेबलावर काचेखाली घातले आहे. अर्जदार तोंड उघडायला गेली, की तो काचेवर बोट ठेवतो. "मॅडम, विमान उडतंय ना? मग छत्रीचं काय घेऊन बसलात. पाऊस आहे का?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की इथे तोंड दाबायला काच वापरतात.

६. आता मूळ गोष्ट.

आपली मुलगी, म्हणजे अर्जदाराची भाची, याच क्लबमध्ये शिकते. उद्या शुक्रवारी सकाळी ती पहिल्यांदा एकटी उडणार आहे. शेजारची सीट रिकामी असेल.

उडण्याआधी प्रत्येक शिकणाऱ्याने एकेका गोष्टीला हात लावून मोठ्याने बोलायचे असते. इंधन. दार. पट्टा. छताकडे हात नेऊन म्हणायचे, "पिन बाहेर, हँडल मोकळं." आपल्या कार्यालयाने हँडल बांधले, पण हे वाक्य बदलले नाही. त्यामुळे सगळी मुले बांधलेल्या हँडलला हात लावून रोज "हँडल मोकळं" म्हणतात आणि उडतात. देवळात जाऊन खोटे बोलायला माणूस कचरतो. इथे दोन हजार फुटांवर जायचे आहे.

भाचीने ते वाक्य म्हटले नाही. तिने हँडलला हात लावला आणि म्हणाली, "पिन नाही, हँडल बांधलेलं." मास्तर, म्हणजे तिचे शिक्षक, म्हणाले, "यादीत आहे तसं म्हण." ती म्हणाली, "सर, यादी खोटं बोलतेय." मास्तरांनी तिला खाली उतरवले. माणूस वाईट नाही. संध्याकाळी त्यांनी तिला समजावले, "पोरी, मनात काय ते म्हण, तोंडाने यादी म्हण. मीही तेच करतो." तिचे एकटीचे उड्डाण लांबले. शेवटी परवा तिने यादी म्हटली आणि तिला शुक्रवार मिळाला.

म्हटल्यावर ती हँगरमध्ये आली. अर्जदार इंजिनाखाली होती. भाची चाकाला टेकून बसली आणि म्हणाली, "आत्या, म्हटलं गं मी." टायरवरची माती नखाने खरवडली. मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील, भीती वाटते तर उतर. मला भीती नाही वाटत. मला लाज वाटते." अर्जदाराने सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो ती या अर्जाद्वारे मोडत आहे.

७. ओट्याखालून आपण आणखी एक वाक्य बोललात. "माझी मुलगी आहे म्हणून तर मुळीच नाही. उद्या लोक म्हणतील, साहेबानं पोरीसाठी सील काढलं." भावजय दारात उभी होती. तिने पदराला हात पुसले आणि आत गेली. लोक काय म्हणतील याची आपणांस चिंता आहे. लोक म्हणजे कोण, हे अर्जदार विचारू इच्छिते. शिसेवाले काका? काचेखालचे पत्र? त्या विमानांत दुसऱ्यांचीही मुले उडतात. त्यांच्या आयांना कुणी सांगितले आहे का, की तुमच्या पोराच्या डोक्यावर जे लाल हँडल आहे ते नुसते रंगवलेले समजा? आपण न्यायी आहात, कबूल. आपण सगळ्यांची हँडले सारखीच बांधली आणि त्या न्यायात स्वतःची पोरही घातली. पण न्याय तोलायचा तर तो तुझ्या खुर्चीत बसून तोल, तिला त्या सीटवर बसवून नको.

(वरील वाक्यातील "तुझ्या" हा शब्द "आपल्या" असा वाचावा. अर्थ तोच राहतो.)

सबब विनंती, की उद्या सकाळच्या आत

— येथे अर्ज थांबला, कारण आपल्या कार्यालयाचा शिपाई आला. त्याने अर्जदाराच्या मागल्या अर्जाचे उत्तर आणले. "आपला अर्ज समितीच्या पुढील बैठकीसमोर ठेवण्यात येईल. दरम्यान प्रशिक्षण नियमितपणे चालू ठेवावे." खाली आपली सही. शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी, जी आपण प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करताना काढत होतात. अर्जदार तेव्हाही ओळखायची. तेव्हा ती गप्प बसली होती.

अर्जदार उठून हँगरमध्ये गेली. इथून पुढचा मजकूर परत आल्यावर लिहिला आहे.

विषयाच्या ओळीत "परवानगी मिळणेबाबत" असे आहे, तिथे "कळवणेबाबत" असे वाचावे.

अर्जदाराने तिन्ही विमानांच्या तारा कापल्या आहेत. एकाच विमानाची कापली असती तर लोक म्हणाले असते, आत्याने भाचीसाठी कापली. आता म्हणता येणार नाही. कापताना शिसे कॉकपिटमध्ये पडू नये म्हणून खाली रुमाल धरला होता. मॅनेजर धावत आला. "मॅडम, सील तोडलं म्हणजे विमानं बंद ना हो? माझा शुक्रवार बुडाला." अर्जदाराने त्याला त्याच्याच टेबलाशी नेले आणि काचेवर बोट ठेवले. हँडलच्या स्थितीचा उड्डाणयोग्यतेशी संबंध येत नाही. बांधलेल्या हँडलने विमान थांबत नसेल तर सुटलेल्यानेही थांबत नाही. आपल्या परिपत्रकातही विमान थांबवावे असे कुठे लिहिलेले नाही. शिक्षा आहे ती तोडणाऱ्याला आहे. मॅनेजरने काच उचलली, पत्र बाहेर काढले, उलटसुलट वाचले आणि म्हणाला, "हे साहेबांनी लिहिताना वाचलं होतं का?" हा प्रश्न अर्जदार जसाच्या तसा पुढे पाठवत आहे.

त्यानंतर अर्जदाराने तिन्ही विमानांत पिना घातल्या. फिती लोंबल्यावर आत शिरून हँडल, केबल, रॉकेटची जोडणी, सगळे पुन्हा तपासले आणि उद्याच्या उड्डाणासाठी तिन्ही विमानांच्या सह्या केल्या. मास्तर दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी आत येऊन पहिल्या विमानाची फीत दोन बोटांत धरून जरा वेळ पाहिली आणि गेले.

अर्जदार माफी मागत नाही. समितीसमोर बोलावल्यास, समिती भरल्यास, ती हजर राहील आणि हेच सांगेल. आपण या प्रकरणात नात्यामुळे हात आखडता घेऊ नये. नियमाप्रमाणे जे करायचे ते पूर्ण करावे. अर्जदाराला उद्यापासून दुसरे काम शोधावे लागेल आणि ते तिला जड जाईल. हँगरचे दार उघडल्यावर येणारा तेलाचा वास तिला आयुष्यभर सकाळ म्हणून माहीत आहे. हे दया यावी म्हणून लिहिलेले नाही. आपण जे बांधले ते सोडवायला काय लागले, हे फाइलला असावे म्हणून लिहिले आहे.

भाचीला यातले काही सांगितलेले नाही. उद्या सकाळी हँडलला हात लावल्यावर तिला कळेल.

आपली, आणि या एका बाबतीत नम्र नसलेली,

(सही)
देखभाल प्रमुख, फ्लाइंग क्लब
दिनांक: गुरुवार, संध्याकाळ

सोबत:
१) तारा, शिशाच्या सीलसह, तीन. रुमाल परत पाठवावा.
२) अर्जदाराचा परवाना, मूळ प्रत. उद्याच्या सह्या झाल्यावर पाकिटात घातला आहे. सह्या करताना तो चालू होता.