निस्बत

अण्णा,

इथं लातूरच्या कॉलेजात मी आता अनंत श्रेणी शिकवते. गुणोत्तर कसोटी आली की थोडा वेळ फळ्याकडं तोंड करून उभी राहते. कान तापलेले असतात, ते मुलींना दिसू नयेत म्हणून. पुढचं पद भागिले मागचं पद. असं करत दूर जायचं आणि ते गुणोत्तर कुठल्या संख्येजवळ चाललंय ते बघायचं. ती संख्या एकापेक्षा लहान असली तर सगळी बेरीज आवरते, मोठी असली तर हाताबाहेर जाते, आणि बरोबर एक असली तर कसोटी काहीच सांगत नाही. हे तुम्ही मला नांदेडच्या स्वयंपाकघरात, उंबऱ्यावर बसून सांगितलंत. आई भाकरी थापतेय, मी चुलीत काटकी सारतेय, आणि तुम्ही पाटी माझ्याकडं वळवून धरलीय. शाळेत दिवसभर उर्दूतून शिकवायचात, मला मात्र मराठीतून. मराठीत तसं पुस्तक आपल्याकडं नव्हतं. शब्द तुम्हीच जुळवायचात.

त्या दिवशी तुमचे जुने उस्ताद हैदराबादहून आले. त्यांनी पारखून होकार दिला तर मला तिकडच्या कॉलेजात जागा मिळणार होती. मी डोक्यावर पदर घेऊन सतरंजीच्या कडेला बसले. त्यांनी पाटीवर लिहिलं: एक छेद दोन, दोन छेद चार, तीन छेद आठ, चार छेद सोळा. मग म्हणाले, “बोलो बेटा, निस्बत किधर जा रई?”

निस्बत म्हणजे सोयरीक, एवढंच मला ठाऊक. सकाळीच शेजारच्या खालांनी भिंतीवरून आईला विचारलं होतं, निस्बत पक्की हुई क्या. मी मान खाली घालून म्हणाले, “लातूरला.”

उस्ताद ठसका लागेपर्यंत हसले. “लातूर! मास्टर, तुम्हारा सिलसिला तो लातूर में जाके रुक्या.”

तुम्ही हसला नाहीत. आत बघून विचारलंत, “लातूरला कुणाकडं?”

“डाळवाल्याकडं,” आई चुलीपासून म्हणाली. “माझ्या भावानं शब्द दिलाय. तुम्हाला सांगणारच होते. पोरगी काय जन्मभर पाटीच घेऊन बसणार हाय?”

म्हणजे मला कधीचं ठाऊक असलेलं हे तुम्हाला आत्ता कळत होतं, माझ्या तोंडून, पाहुण्यांसमोर. मला तुमच्याकडं बघवेना. तुम्ही हळू म्हणालात, “ते गुणोत्तर विचारतायत, बाळ. त्यांच्यात त्याला निस्बत म्हणतात. मी सांगायला हवं होतं.”

मी पदराआडून बोलले. पहिलं गुणोत्तर एक येतं, त्याच्यावर जायचं नाही, पुढं ते उतरत उतरत अर्ध्याकडं जातं, बेरीज आवरते. उस्ताद म्हणाले, “भेज दो इसको.”

दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन तुम्ही सोयरीक मोडलीत. मामा पुन्हा आपल्या दारात आले नाहीत. आई तुमचं ताट पुढं सरकवून आत निघून जायची. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत राहिलात, पोरीला उर्दू शब्द शिकवले नाहीत, माझंच चुकलं.

मला सोडायला आलात तेव्हा स्टेशनवर विचारलंत, “ती सोयरीक मला ठाऊक आहे, असं वाटायचं का गं तुला?”

“नाही,” मी म्हणाले, आणि तुमचा चेहरा मोकळा झाला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. वाटायचं, अण्णा. तुम्ही पाटी वळवून धरायचात तेव्हा रोज वाटायचं.