आईच्या कपाटाच्या पाच फळ्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, टपाल कचेरीच्या काउंटरवरून निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. लोकांनी टाकलेली टेबलं-खुर्च्या मी लाकडासाठी घरी आणून सोडवते म्हणून सुनेला याबद्दल शंका आहे. डॉक्टरांना नाही, त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलाला. यावर वाद नाही.

दोन. मागच्या खोलीतलं लाकूड भंगारवाल्याला द्यायचं नाही. ते सगळं सुनेला. होय, तिलाच. "आई, हे घर आहे की वखार?" असं ती रोज विचारते. पण ड्रॉवरच्या मागची फळी कोरी, बिनपॉलिशची मिळते, हे मी एकदाच बोलले आणि तिच्या लक्षात राहिलं. गेल्या महिन्यात रस्त्यावरच्या मोडक्या पलंगासाठी तिने स्वतः गाडी थांबवली. तिला एवढंच सांगणं: जुना स्क्रू सोडवण्याआधी किंचित आवळायचा, मग तो सुटतो. रंधा मारण्याआधी लाकडावरून लोहचुंबक फिरवायचं. आत राहिलेला एक खिळा पात्याची वाट लावतो.

तीन. हत्यारंही तिलाच, रुंद पटाशी सोडून. ती माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती मागून नेली, त्या पटाशीनेच रंगाचा डबा उघडला आणि धारेला खांडा पाडून परत केली. वर म्हणाले, "हत्यारच कच्चं आहे, वहिनी." आता त्यांचीच होऊ दे. खांडा मी मुद्दाम काढलेला नाही.

चार. खरं तर हेच लिहायला बसले होते. माझी थोरली बहीण अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही. आई ताईकडे राहायची, आईचं शिसवी कपाटही तिथेच होतं. आई गेली. महिन्याभराने ताई लेकीकडे गेली तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे होती. कपाटाच्या पायाशी मला भुसा दिसला. वाळवी मागून थेट दुसऱ्या खणापर्यंत चढली होती. ताईला न विचारता मी एका दुपारीत कपाट सोडवलं, पोखरलेलं जाळलं आणि पाच धड फळ्या वाचवल्या. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ताई परत आली, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई दुसऱ्यांदा गेली. या वेळी तुझ्या हातून."

विचारायला हवं होतं. माझं चुकलं. हे मी तिला तीनदा पत्राने कळवलं. टपालात नोकरी केलेली असल्यामुळे पत्रं पोचल्याची मला खात्री आहे. उत्तर आलं नाही. त्या फळ्यांना मी आजवर करवत लावलेली नाही.

पाच. ताईच्या नावे मी काहीही ठेवत नाही. वाचणाऱ्याने घाई करू नये. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई सांगतात की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, मी त्यांच्या डोळ्यांदेखत सही करायची असते, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून त्या पाच फळ्या इथे वाटणीत धरलेल्या नाहीत. त्या मी जिवंतपणी, माझ्या हाताने देईन. ताईला निरोप धाडला आहे की साक्षीला दुसरं कोणी मिळत नाही. हे खोटं आहे, निम्मी गल्ली तयार आहे. भांडायला आली तरी चालेल, पण यावी. मला तिची फार आठवण येते. ती आली नाही तर हा कागद बिनसहीचाच राहील.

स्थळ : घरातली मागची खोली
दिनांक : रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

मृत्युपत्र करणारी : (सही)

तिने आम्हा दोघींसमोर सही केली. आम्ही तिच्यासमोर केली.

साक्षीदार पहिली : खालच्या मजल्यावरची वकील (सही)

साक्षीदार दुसरी : थोरली बहीण (सही)

साक्षीदाराने सगळं वाचायची गरज नसते म्हणे. मी वाचलं. कलम चार अपुरं आहे. त्या भिंतीला ओल होती. कपाट पुढे ओढ, असं आई दोन वर्षं सांगत होती आणि मी आज-उद्या करत राहिले. तू ते सोडवलंस आणि माझी चूक उघडी पडली, म्हणून तुझ्यावर चिडले. चार दिवस राहायच्या तयारीने आले आहे.