राहूला निघण्यापूर्वी केलेली वाटणी

गुरुवार, दिनांक ११ डिसेंबर २००३ रोजी संध्याकाळी, भरल्या वर्गात, हातात खडू असताना मी "बरं झालं, आराम मिळेल त्यांना" असे बोललो आणि तिथून माझे सगळे बदलले. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, मल्हार रखमाजी कोळपे, वय चोवीस, राहणार कासुर्डी, तालुका दौंड, धंदा इंग्रजीचा क्लास, हे यवतला माझा मित्र ज्ञानदेव याच्या पिठाच्या गिरणीवरील, क्लास भरतो त्याच खोलीत बसून स्वखुशीने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही, काही प्यायलेलो नाही, बुद्धी ठिकाणावर आहे. शेवटच्या बाबीला ज्ञानदेवने हरकत घेतली. "दोन वर्षं त्या पोरीमागं येडा झालाय आन् बुद्धी ठिकाणावर? खोड ते." खोडलेले नाही.

कारण असे की, आज सकाळी मी राहू गावी पोपटराव जगदाळे यांच्या घरी जाऊन त्यांची मुलगी तेजश्री हिला मागणी घालणार आहे. त्यांचा ऊस चार पिढ्यांचा. आमच्याकडे आजोबांपर्यंत मेंढरं होती. पोपटरावांनी मागे बोअरवेलच्या एजंटाला ओसरीवरून थेट उसात पिटाळले होते. मीही थंड डोक्याचा नाही. तेव्हा काय होईल ते सांगता येत नाही.

तेजश्री शिरूरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. ती बीए झाली, मी दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो. गेली दोन वर्षे ती माझ्याच क्लासमध्ये शिकवते. आम्ही शब्द पाठ करून घेत नाही. एक अमेरिकन कादंबरी, तिच्या झेरॉक्स, आणि एक नियम: शब्द अडला की डिक्शनरी उघडायची नाही, आधी त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचे, म्हणजे मागचे-पुढचे वाक्य वाचायचे. न वाचता अर्थ ठोकून देईल त्याने अख्ख्या वर्गाला भेळ द्यायची.

कादंबरी एका मेंढपाळाची. डोंगराच्या पायथ्याला एक विधवा राहते, तिच्या घरी तो थांबतो आणि निघताना टोपी 'रिलक्टंटली' उचलतो. हा शब्द अडला. धुरपदा म्हणाली, "सर, दिवाळीला आलेली ताई सासरी जायला पिशवी उचलती ना, तसं." डिक्शनरीत याहून बरे काही नव्हते.

त्याच पानावर ती बाई त्याला म्हणते, चूल अजून गरम आहे. तो म्हणतो, हो, बाहेर थंडी फार आहे. आणि जातो! वर्ग आठवडाभर त्याला हसत होता. भिमा म्हणाला, "ह्याच्या ताब्यात मेंढरं दिली कुणी?" सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

गुरुवारी वर्ग सुटताना तेजश्री सगळ्यांदेखत मला म्हणाली, "रविवारी मी येणार नाही, घरीच आहे. आईशी माझं बोलणं झालंय. पप्पाही सकाळी घरीच असतात, मीटिंग नाही, काही नाही."

यावर मी ते वर लिहिलेले बोललो.

धुरपदा ओरडली, "सर, भेळ!" भिमा बाकावर पालथा पडला. तेजश्रीने माझ्या हातातला खडू काढून घेतला, फळ्यावर गृहपाठ लिहिला, 'मागचे-पुढचे वाक्य पुन्हा वाचणे', आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली. मला अर्थ लागला तो कासुर्डीच्या फाट्यावर. गाडी तिथेच बंद पडली.

आता वाटणी.

एक. कादंबरी, झेरॉक्ससकट, वर्गाची. तिचे शेवटचे वाक्य 'त्याने दार लावले' एवढेच आहे. आतून की बाहेरून, लेखकाने सांगितलेले नाही. धुरपदा आतून म्हणते, भिमा बाहेरून. हा वाद कोणी मिटवू नये. परीक्षेला तर मुळीच विचारू नये.

दोन. एम-एटी भिमाला. सध्या मी घेऊन जात आहे, वाचली तर त्याची. ती दुसऱ्या किकला सुरू होते. पहिल्या किकला शिव्या देऊ नयेत, मी देऊन पाहिल्या आहेत.

तीन. गाईडचा खालचा अर्धा भाग शिरूरच्या आमच्या सरांना. त्यांचे नाव लिहीत नाही. एका धड्याविषयी मी विचारले होते, "सर, हा माणूस एवढं होऊन गप्प का बसतो?" ते म्हणाले, "गाईडात चार मुद्दे आहेत, तेवढे लिही." मी गाईड तिथेच फाडले. वरचा अर्धा भाग त्यांच्या टेबलावर राहिला, मी कॉलेजबाहेर आलो. खालचा पोचवावा, सर जोडून घेतील. मला वाईट वाटत नाही.

चार. जमीन आबांची, म्हणजे वडिलांची, ती मी कोण देणार? आबांना माझा रेडिओ. कादंबरी त्यांना सांगितली तेव्हा म्हणाले, "अमेरिकेत बी मेंढरं हायती व्हय? मग त्या बाईनं आजून किती इस्कटून सांगायचं?" बोलताना ते माझ्याकडेच का बघत होते, हे विचारायचे राहिले. आई बानूबाई हिला काही नको, सूनच पाहिजे. तिचे काम करायलाच निघालो आहे.

पाच. पोपटराव एकदा गणपतीच्या मांडवात चारचौघांत म्हणाले होते, "मेंढक्याचं पोर आता पोरींना इंग्रजी शिकवणार!" त्यानंतर त्यांनी स्वतःची मुलगी इथे शिकवायला पाठवली, तरी हा राग मी जपून ठेवला होता. आज तो सोबत नेत नाही. खिडकीजवळच्या मोडक्या खुर्चीवर ठेवला आहे. ज्याला लागेल त्याने न्यावा.

सहा. मी उसातून परत आलो नाही तर क्लास तेजश्रीने चालवावा. तिच्या घरचे होय म्हणाले तर हे मृत्युपत्र रद्द, आणि भेळ माझ्याकडून, दंड धरून डबल.

इथे मी थांबलो होतो. ज्ञानदेवने सही केली. दुसरे साक्षीदार म्हाळूमामा, खालचे चहावाले. म्हणाले, "वाचल्याबिगर सही करत न्हाई मी." चष्मा लावून सगळे वाचले, आणि विचारले, "आन् त्या पोरीला काय ठिवलंस?"

पाहिले तर खरेच काही नव्हते.

ज्ञानदेव म्हणाला, "परत भेळ!"

म्हणून सात. तेजश्रीला यातले काही ठेवत नाही. वस्तू वाटून जो उरला तो मी. तो तिच्या दारात स्वतः नेऊन पोचवतो आहे.

साक्षीदार:
ज्ञानदेव, गिरणीवाला (सही)
म्हाळू, चहावाले (सही, वाचून)

मल्हार रखमाजी कोळपे (सही)
यवत, रविवार, १४ डिसेंबर २००३

सहीनंतर एवढेच: मला टोपी नाही, पण असती तर रिलक्टंटली उचलली नसती. कागद कादंबरीखाली ठेवला आहे. निघालो. दार लावतोय, बाहेरून. वर्गात वाद नको.