आप्पांच्या कानांची नोंद

आप्पा,

सोमवारी तुमचा नंबर पुन्हा माझ्यासमोर आला. नाव नव्हे, नंबर. आमच्या अभ्यासाच्या कागदांत माणसांना नावं नसतात, नाहीतर तो तुमचा आहे हे डॉक्टर मॅडमच्या केव्हाच लक्षात आलं असतं. मॅडम तुम्हाला आठवतील. पौडच्या शिबिरात तुम्ही त्यांना इतका कडक सलाम ठोकला होतात की त्यांच्या हातातला चहा साडीवर सांडला. फौजेतून घरी आलेल्या माणसांचं पुढं काय होतं, त्यांची झोप, गुडघे, कान, राग, आणि दवाखाना त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे मुळशीतल्या गावागावांत फिरून विचारायचं आणि काही वर्षांनी परत जाऊन तेच विचारायचं, हे आमचं काम. मी पहिल्या फेरीपासून त्यात आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता ही शेवटची फेरी, आणि मॅडम सगळं एकत्र करून लिहायला बसल्यात.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना कामावर अपघात जास्त होतात का, हे त्यांना पाहायचं आहे. त्यासाठी त्यांनी एक यादी काढली आणि मला शेजारी बसवून एकेक ओळ वाचायला लागल्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "हा बघ. दोन्ही कान उत्तम. तरी कारखान्याच्या आवारात मागं येणाऱ्या ट्रेलरखाली गेला. म्हणजे ह्याच्या बाबतीत तरी कानाचा संबंध दिसत नाही." मी नुसतं "हं" म्हटलं. तुम्ही अपघातात गेलात एवढंच त्यांना ठाऊक होतं, कसे गेलात ते मी कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी पुढची ओळ वाचायला घेतली.

दोन्ही कान उत्तम! आप्पा, तुम्ही वीस वर्षं तोफेच्या बाजूला उभे होतात. घरी बातम्या लागल्या की त्या समोरच्या आळीला ऐकू जायच्या. तुम्ही "चहा" म्हणालात की गोठ्यातली म्हैस मान वर करायची. तुमच्याशी उजवीकडून बोलायचं, डावीकडून बोललेलं वाया जातं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, आणि तुम्ही सुट्टीवर आलात की मी आपोआप उजव्या बाजूला बसायचे. पण तुम्हाला बहिरं म्हणायची कुणाची टाप नव्हती. फौजेत दरवर्षी तपासणी व्हायची, त्यात पुरता तंदुरुस्त ठरला तो 'शेप वन', आणि जो घसरला त्याची बढती अडली. तुम्ही शेवटपर्यंत शेप वन होतात. कसे होतात ते तुम्हीच एकदा हसत हसत सांगितलं होतंत. तपासणाऱ्याच्या कोपराकडं बघायचं, कोपर हललं की हात वर करायचा. अख्खी बॅटरी, म्हणजे तुमची तोफांची तुकडी, अशीच पास व्हायची म्हणे. मी आता इतक्या फौजींना प्रश्न विचारलेत की मला हे नवं राहिलेलं नाही. फौजी माणसाला दुखतं कुठं असं विचारलं, की तो आधी विचारतो, हे वाचणार कोण.

मला हे काम लागलं तेव्हा तुम्ही फौजी कँटीनमधून तपकिरी कापडी बूट आणलेत. पुरुषी, दोन नंबरांनी मोठे. "हिंडायचं काम हाय तुजं, चपलीनं भागायचं न्हाई," म्हणालात. मी पुढच्या बाजूला कापूस कोंबून ते घातले आणि माले-ताम्हिणीपर्यंत चालले. आणि त्याच आठवड्यात तुमची बोलणीही खाल्ली. सरावासाठी मी घरात फॉर्म भरत होते, एक चौकट नीट कळली नाही म्हणून कोरी सोडली होती. तुम्ही कागद उचललात, चष्मा नाकावर ढकललात. "कोरं का सोडलं? ठाव न्हाई तर इचार. न्हाईतर ठाव न्हाई म्हनून लिव. पन कोरं सोडायचं न्हाई, आन् खोटं लिवायचं न्हाई. कागद फौजेत मानसापेक्षा लांब जातोय." मी रागानं फुगून बसले. तुमचं चुकलं काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग.

मग तुमची पाळी आली. ग्रामपंचायतीचं सभागृह, टेबलावर कान तपासायचं मशीन, तुमच्या डोक्यावर हेडफोन, हातात बटण. मी कळ दाबली की तुमच्या कानात शिट्टीसारखा बारीक आवाज जाणार, तो ऐकू आला की तुम्ही बटण दाबायचं. तुम्ही माझ्या हाताकडं बघून बटण दाबत होतात. तीन-चार आवाजांतच माझ्या लक्षात आलं. मी थांबले नाही. डाव्या कानाची सगळी बटणं वेळेवर दाबली गेली, मी सगळी लिहिली, खाली सही केली. तुम्ही हेडफोन काढून ठेवलात आणि उरवड्याच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला गेलात. तिथं तुम्ही गेटवर सुरक्षारक्षक होतात. कान गेलेला रक्षक कारखाना ठेवत नाही, आणि आमचे निकाल तिथं पोहोचतात, असं तेव्हा गावात सगळेच धरून चालायचे.

त्यानंतर वर्षही नीट सरलं नाही. तुम्ही आवारातून नोंदवही घेऊन गेटकडं चालला होतात, ट्रेलर मागं येत होता, तुमच्या डाव्या अंगानं. तुमच्या जोडीचा रक्षक घरी येऊन सांगत होता, "वहिनी, आमी वरडलो. लई वरडलो. त्यांनी वळून सुदिक बघितलं न्हाई." ट्रेलरचा ड्रायव्हर बिहारकडचा होता. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होता, "हॉर्न बजाया था साहब, पूरा टाइम बजाया था." आपल्या लोकांनी त्याची कॉलर धरली. मला कुणीतरी विचारलं, आप्पांना ऐकायला बरं येत होतं ना? मी म्हटलं, हो. त्या दिवशी त्या ड्रायव्हरवर विश्वास ठेवणारी तिथं मी एकटी होते आणि मीच हे बोलले. त्याची नोकरी गेली. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

हे सगळं घेऊन मी इतकी वर्षं काम केलं आणि चांगलं केलं. तुमच्यानंतर माझ्या मशीनपुढं बसलेल्या एकाही माणसाची तपासणी मी वाकडी केली नाही. पण सोमवारचं मॅडमचं ते वाक्य मला सोडेना. तुमच्यामुळं त्यांचं उत्तर चुकणार होतं. एका माणसानं कितीसं चुकणार, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं.

बुधवारी तुमचे दोस्त आले. तुमच्याच बॅटरीतले हवालदार काका. पहिल्या फेरीच्या वेळी ते गुजरातेत कुठंतरी पहाऱ्यावर होते, आता परत आलेत आणि हिंजवडीला एका टॉवरच्या गेटवर आहेत. मी त्यांना माझ्याकडं पाठ करून बसवलं, नियमाप्रमाणं. आवाज देत गेले आणि ते दाबत गेले, एकही चुकेना. मी वाकून पाहिलं तर समोरच्या खिडकीच्या काचेत माझा हात स्वच्छ दिसत होता. मग मी आवाज न देता नुसतंच बोट हलवलं. काकांनी बटण दाबलं.

"काका, आता मी आवाज दिलाच नव्हता."

"दिला व्हतास. बारीक व्हता."

"नव्हता दिला."

काका हेडफोन गळ्यात ओढून माझ्याकडं वळले. "पोरी, खालच्या पार्किंगचा रॅम्प माज्याकडं हाय. ठेकेदाराला कळलं तर उद्या घरी बसवंल मला."

"हे ठेकेदाराकडं जात नाही. तुम्ही सही केलीत त्या कागदावर तसं लिहिलंय."

"कागदावर लई काय काय लिवल्यालं असतंय." आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली, पण बाहेर बाकावर बसलेल्या दोघांनी माना वळवल्या, "तुज्या बापाला पास केलंस नव्हं? फोनवर सांगितलं व्हतं त्यानं. म्हनला, माजी पोरगी हाय मशिनीवर. मला बी तसंच कर. मी कुनाला काय बोललोय का आजवर?"

आप्पा, त्यांना मला धमकवायचं नव्हतं, ते खरोखरच विनवत होते, पण माझी नोकरी त्या एका वाक्यात त्यांच्या मुठीत होती. आणि तुम्ही त्यांना अभिमानानं सांगितलं होतंत, हे त्याहून वाईट.

मी म्हटलं, "तो ट्रेलर हॉर्न वाजवत आला होता, काका."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. हे वाक्य मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलत होते. त्यांना ते ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे.

मी खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. काका पाठ करून बसले, हेडफोन चढवला. "घे," म्हणाले. मी आवाज देत गेले, वाढवत गेले, डाव्या कानात बराच वेळ काहीच नाही. त्यांची पाठ ताठ होती आणि मानेवर घाम आला होता. झाल्यावर त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. ते थोडा वेळ गुडघे चोळत बसले. "रॅम्पवरनं शाळंची बस येती सकाळची," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. कानात घालायच्या मशीनसाठी दवाखान्याची चिठ्ठी दिली ती त्यांनी खिशात घातली. दवाखान्यात गेले की नाही, मला ठाऊक नाही. मात्र जाताना त्यांनी मला "येतो" म्हटलं नाही.

गुरुवारी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. म्हटलं, तो नंबर माझ्या वडिलांचा. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. नोंद खोटी आहे आणि ती मी केलीय. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी यादी काढली, तुमच्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाल्या, "अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. तुझ्या हातच्या सगळ्या तपासण्या परत बघाव्या लागतील, सगळ्या. तोवर तू मशीनवर बसू नकोस." मी मशीनच्या पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. तुमच्यानंतरचं माझं सगळं खरं काम त्या एका कागदाखाली गेलं. मग त्यांनी विचारलं, "का केलंस पण?" मी म्हटलं, "वडिलांनी विनवलं. नोकरी गेली असती त्यांची." त्यांचा चेहरा एकदम निवळला. "समजू शकते मी," म्हणाल्या, आणि मला पाणी दिलं.

आज रविवार. समितीचं उत्तर यायचं आहे. आई माझ्यासमोर लसूण सोलत बसली आहे आणि काहीतरी सांगते आहे, पण इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागतं. ती अजून तशीच बोलते. तुम्ही फौज सोडून आलात ते पहिले दोन महिने, नोकरी लागायच्या आधीचे, ती विसरलेली नाही आणि मीही नाही. तुम्ही फळीवरचे डबे उंचीप्रमाणं लावलेत आणि मिठाचा डबा सापडेना म्हणून आईवर खेकसलात. पहाटे पाचला आमची पांघरुणं ओढलीत. आम्ही दोघी चुलीपाशी साधं काही बोललो तरी तुम्ही दारात उभे. "काय कुजबुजताय? मोठ्यानं बोला. माज्याबद्दल काय चाललंय?" तुमच्याबद्दल काही चाललेलं नसायचं, आप्पा. भाजीत काय घालायचं ते चाललेलं असायचं. पण तुम्हाला फक्त हलणारे ओठ दिसायचे, आणि एवढी वर्षं आम्ही तुमच्याशिवाय राहायला शिकलो होतो तेही तुम्हाला दिसत असणार. दोन महिन्यांत आईचे केस किती गळले. मग तुम्हाला कारखान्यात नोकरी लागली आणि पहिल्या दिवशी तुमची सायकल वळणावर दिसेनाशी झाली तशी आई अंगणात मटकन बसली आणि हसली. मी पण हसले.

मॅडमना मी सांगितलं ते खोटं आहे, आणि वर सभागृहातलं लिहिलं तेही अर्धंच. तुम्ही मला विनवलं नव्हतंत. तुम्ही सभागृहात आलात आणि नियमाप्रमाणं भिंतीकडं तोंड करून बसलात, ताठ, हात मांडीवर. डाव्या कानात काही येत नव्हतं आणि तुम्ही बटण दाबत नव्हतात, खोटं दाबत नव्हतात. मीच उठले, तुमच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, आप्पा, इकडं तोंड करून बसा. तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत आणि वळलात. तुम्हाला वाटलं पोरीनं तुमची नोकरी वाचवली, तेच तुम्ही दोस्ताला फोनवर सांगितलंत. मला फक्त तुम्ही परत घरी बसायला नको होतात.