सकाळची साखर सहा

७ मार्च, गुरुवार
केमोची तिसरी फेरी झाली. सहापैकी तीन, म्हणजे अर्धं काम फत्ते. मानेतल्या गाठी आता बोटाला लागतसुद्धा नाहीत. डॉक्टर पेर्शिच खूश होत्या. मग रिपोर्ट उलटून म्हणाल्या, पण तिहोमिर, साखर वाढलीय. केमोबरोबर पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या असतात, त्यांचा हा प्रताप. यापुढे दिवसातून चार वेळा मोजायची आणि वहीत लिहायची. माप मिलिमोलचं: सहा-सात उत्तम, दहापर्यंत चालेल, पंधराच्या वर गेली तर लगेच फोन. तरीही ऐकली नाही तर इन्सुलिन.

यंत्र मिळालं, काडेपेटीएवढं. नर्स यास्ना बोट कसं टोचायचं ते दाखवायला लागली. मी तिला सांगितलं की एकतीस वर्षं मी ओसियेक शहराच्या वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो, बाजारातला एक खोटा तराजू माझ्या नजरेतून सुटला नाही, तेव्हा मोजणं मला नको शिकवू. ती हसली आणि तरीही दाखवलंच.

संकल्प: साखर बंद. ब्रेड बंद. बटाटा बंद. पॅसेजमध्ये रोज शंभर फेऱ्या. इन्सुलिनचा विषयच बंद.

८ मार्च, सकाळी ७
६.१. वहीत लिहून खाली रेघ मारली.
दुपारची मोजणार नाही. सकाळी तपासलेला तराजू दिवसभर बरोबरच दाखवतो, हा खात्याचा अनुभव.

८ मार्च, दुपारी ४
सहज मोजली. १७.८.
हात धुतले. १८.३. दुसऱ्या हाताचं बोट: १८.९.
एकच माणूस, एकच वेळ, तीन आकडे. खात्यात असतो तर असलं यंत्र जागच्या जागी सील केलं असतं. वहीत ७.५ लिहिलं. पेन्सिलीने, तात्पुरतं. फोन केला नाही. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांना कशाला त्रास.

९ मार्च
या गोळ्यांनी भूक लागते ती माणसाची भूक नव्हे. सकाळी बीन्सचं सूप, दुपारी बीन्सचं सूप. ल्येर्काने ब्रेडचा डबा वरच्या कपाटात नेऊन ठेवला आणि स्टूल बाल्कनीत. बेचाळीस वर्षं संसार केला, पण बाई इतकी कडक आहे हे आत्ता कळतंय.

डॉक्टर पेर्शिच म्हणतात वजन उतरता कामा नये, खा. साखरेच्या डॉक्टर लोन्चार म्हणतात, जपून खा. दोघींना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी असं वाटतं. पण कोंडलेला मी आहे. पांढऱ्या पेशी कमी, म्हणून बाजार नाही, चर्च नाही, कॅफे नाही. चौथा मजला, लिफ्ट जानेवारीपासून बंद. पॅसेज अकरा पावलांचा. त्यात मध्येच चपलांचं कपाट.
फेऱ्या: नऊ. उद्या भरून काढीन.

११ मार्च
शेजारची श्तेफित्सा खसखशीचा गोड रोल घेऊन आली. ल्येर्का औषधं आणायला गेली होती. श्तेफित्सा दारातूनच म्हणाली की तिच्या नवऱ्याने केमोत खाणं सोडलं आणि बघता बघता वाळून गेला, तू तसं करू नकोस. एवढं प्रेमाने सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? तीन तुकडे खाल्ले. पातळ होते. शिवाय खसखस हे मुळात बी आहे.
चार वाजता मोजली नाही. बोटाला विश्रांती.
वहीत ७.८.

१३ मार्च
गोळ्या संपून दोन दिवस झाले. सकाळी ५.९, दुपारी ७.२, संध्याकाळी ७.०. खरे आकडे. म्हणजे माझं शरीर उत्तम आहे. पेन्सिलीच्या आकड्यांवर पेन फिरवून घेतलं, वही एकसारखी दिसावी म्हणून. फोटो काढून डॉक्टर लोन्चारना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, अशी नीटनेटकी वही आजवर एकाही पेशंटने ठेवलेली नाही.

संध्याकाळी दुन्याचा फोन. आमची लेक, आयर्लंडमध्ये कॉर्कला असते. जूनमध्ये बाळंतपण. आमची तिकिटं दहा जूनची. माझी शेवटची फेरी नऊ मेला. हिशेब चोख बसतो, फक्त एकही तारीख हलता कामा नये. आणि डॉक्टर लोकांनी एकदा इन्सुलिन म्हटलं की पुढे तपासण्या आल्या, थांबा म्हणणं आलं. हे सगळं मी दुन्यासाठीच करतोय.

२० मार्च
ल्येर्काने जेवताना विचारलं, इन्सुलिनला घाबरतोस का? मी म्हटलं, छे.
आईला इन्सुलिन सुरू झालं त्याच हिवाळ्यात तिचा पाय कापला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सहज आठवलं.

२८ मार्च, गुरुवार
चौथी फेरी. यास्नाने विचारलं, वहीतले दुपारचे आकडे एवढे छान कसे? मी म्हटलं, शिस्त.

२९ मार्च, दुपारी ४
२१.६.
वहीत ८.२. खूप तहान लागते. घरात हीटर जास्त लावतात. चष्म्याचा नंबरही बदललेला दिसतोय, पेपरातली अक्षरं पोहतायत.

३० मार्च
उद्या ईस्टर. ल्येर्का हॅम उकडतेय, सगळ्या घरात वास. मला दोन स्लाइस मिळणार आहेत. श्तेफित्साने फुलांच्या सरबताची बाटली दिली, घरचं, केमिकल नसलेलं. तहानेला औषधच. दुपारपर्यंत अर्धी संपली.
ल्येर्काने विचारलं, किती आली? मी म्हटलं, आठ. ती माझ्याकडे बघत राहिली. मग किचनमध्ये गेली. थकली असणार बिचारी.

३१ मार्च, ईस्टर, दुपारी ३
यंत्रावर आकडाच नाही. HI असं लिहून आलं. इंग्रजीत नमस्कार करतंय. पुन्हा टोचलं. पुन्हा हाय. बॅटरी संपत आली असणार.
सकाळपासून अकरा वेळा लघवीला. पाय कापसाचे.
वहीत काय लिहू. ८.०
सरबत संपलं. जरा पडतो.

३ एप्रिल, हॉस्पिटल
आजच पेन धरता आलं.
यास्नाने सांगितलं की HI म्हणजे नमस्कार नव्हे. साखर इतकी चढली की यंत्र मोजायचं सोडून देतं. लॅबमध्ये अडतीस आली होती. मला उठवायला आलेल्या ल्येर्काला मी खात्यातली सेक्रेटरी समजून फाइल मागत होतो म्हणे. ॲम्ब्युलन्सची दोन माणसं खुर्चीला बांधून मला चार मजले खाली घेऊन गेली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी हातात ईस्टरची प्लेट घेऊनच उभं होतं. हे मात्र मला आठवतंय.

ल्येर्काने पर्समधून वही आणली होती आणि यंत्रही. यास्नाने यंत्राची दोन बटणं दाबली. त्यात प्रत्येक आकडा होता, तारखेसकट, वेळेसकट. यंत्राला आठवण असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने वही शेजारी ठेवली आणि बोटाने एकेक ओळ खाली येत गेली. रागावली नाही. फक्त विचारलं, "काका, बाजारात कोणी हे केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"
मी म्हटलं, तराजू सील केला असता.

डॉक्टर पेर्शिच आल्या. छातीत इन्फेक्शन आहे, ताप आहे. साखर चढली की जंतूंचं फावतं. पाचवी फेरी अठरा एप्रिलला होणार नाही. चार आठवडे तरी पुढे, मग बघू. मी बोटांवर मोजलं. शेवटची फेरी जूनमध्ये जाते.
ल्येर्का बाहेर जाऊन दुन्याशी बोलली. दार नीट लागत नाही. तिकिटं रद्द कर, म्हणाली. दोन्ही. नाही गं, बरा आहे, खातोय. मग बराच वेळ नुसती हं, हं.

ती आत आल्यावर मी सांगायला सुरुवात केली की यंत्र पहिल्या दिवसापासून संशयास्पद होतं, तीन वेळा तीन आकडे.
ल्येर्काने खुर्ची जवळ ओढली. "तिहो, तुझ्या आईचा पाय इन्सुलिनने गेला नाही. सहा वर्षं ती नको नको म्हणत राहिली, म्हणून गेला. तिचं ड्रेसिंग मी करत होते. तू ऑफिसात असायचास."
मी म्हटलं, मला माहीत आहे.
माहीत नव्हतं. की होतं, आठवत नाही.

५ एप्रिल
रोज चार इंजेक्शनं. दुखत नाही. हे लिहून ठेवावं असं वाटलं. अजिबात दुखत नाही.

९ एप्रिल, घरी
ॲम्ब्युलन्सवाल्यांनीच वर आणलं. या वेळी खुर्चीत शुद्धीवर होतो, ते जास्त वाईट.
वाटेत नवीन संकल्प ठरवले. इन्सुलिन घेणार, पण स्वतः. मोजमाप, डोस, टाइमटेबल, सगळी जबाबदारी माझी. अनुभव शेवटी माझा आहे. पाच रंगांची पेनं वापरून एक तक्ता करायचा. फेऱ्या दोनशे.
दुपारी बारा वाजता टेबलाशी बसलो. यंत्र होतं, सुया होत्या, इन्सुलिनचं पेन होतं. वही नव्हती. ल्येर्का समोर येऊन बसली, तिच्या हातात दुसरीच वही, कोरी, वर तिच्या अक्षरात तारीख घातलेली. मी तक्त्याबद्दल सांगू लागलो. तिने पूर्ण ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "आकडे मी लिहीन. तू फक्त बोट पुढे कर."
केलं.