पस्तिसावा दिवस

नेपरव्हिल, १२ मे

ती छत्री तेव्हाच टाकून द्यायला हवी होती.

तळ्याकाठी हंसीण अंड्यांवर बसली, तेव्हापासून नलिनी कॅलेंडरवर रोज एकेक दिवस खोडते आहे. दुपारी चहा घेताना म्हणाली, "अठ्ठावीस दिवसांत पिल्लं निघतात. आज पस्तिसावा. थंडीमुळे उशीर होत असेल का?" असेल, म्हटलं. शनिवारी नात येणार आहे, पिल्लं बघायला.

काय सांगू तिला? कॉलनीच्या असोसिएशनला तळ्याकाठच्या ट्रेलवर हंसांची घाण नको होती, गेल्या महिन्यात अंडी उबू न देण्याचं परमिट आलं, आणि रिटायर्ड माणसाला वेळच वेळ म्हणून मी हो म्हटलं. शेजारच्या मार्टिनने माझी छत्री फटकन उघडून अंगावर येणाऱ्या नराला मागे रेटलं आणि मी पाचही अंड्यांना कॉर्न ऑइल चोळलं. त्याने आतला जीव गुदमरतो. अंडी फोडली तर ती नवीन घालते. तेल लावलं तर तिला कळत नाही, ती बसून राहते. अंडी गरम होती. ग्लव्ह्ज घातले असते तर मला तेवढं तरी कळलं नसतं.

आज दिवसभर पाऊस. ती जागची हलली नाही. किती वाळली आहे.

पाचच्या सुमारास नलिनी तीच छत्री घेऊन बघायला गेली आणि लगेच परतली. छत्री दारामागे अडकवत म्हणाली, "तो नर रोज मला जवळ येऊ देतो. आज छत्री उघडली मात्र, फिस्कारत मागे पळाला. छत्रीला का घाबरला असेल?"

"काळी आहे ना," मी म्हणालो.